बर्फात नेलेली रजई

पांढरकवड्यात थंडी आली की ती मला अंगाआधी कानाला कळायची. दिवाळी होऊन गेली, सकाळी नळाचं पाणी हाताला बोचायला लागलं, की पुढच्या दुकानात आमच्या ह्यांचं पिंजण्याचं मशीन सुरू व्हायचं. आधी घरघर, मग धडधड, मग दिवसभर एकसारखी घुमघुम. दुकान पुढे, घर मागे, मधे एकच भिंत. त्या भिंतीला लावलेल्या मांडणीतल्या कपबशा संध्याकाळपर्यंत किणकिणत राहायच्या. मी वैतागायचे. "अजी, जरा दम धरा ना, पेपर तपासून राह्यली मी!" असं ओरडायचे. शाळेत मराठी शिकवायचे मी, आणि सहामाहीचे गठ्ठे नेमके याच दिवसांत घरी यायचे. आता निवृत्त झाले. पेपर गेले आणि मशीनही बंद झालं. कपबशा गुमान बसल्या. हा तिसरा हिवाळा.

यंदाची थंडी पंधरा दिवसांपूर्वी आली. संध्याकाळी गच्चीवर वाळवणं काढायला गेले, तर गावाबाहेरच्या शेतांकडून कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्याचा वास आला आणि कानांच्या पाळ्या गार झाल्या. झालं! तेव्हापासून माझं बूड एका जागी टिकत नाही. चहा ठेवते, विसरते, तो आटून जातो. तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला घेते आणि अर्ध्यात उठून दुकानात डोकावते. आत आमचे हे प्लास्टिकच्या पिशव्यांतल्या तयार ब्लँकेटांच्या चळतीपुढे बसलेले. त्या ब्लँकेटांवर वाघ असतात, गुलाब असतात, हात लावला की केस उभे राहतात. मागे कोपऱ्यात मशीन, त्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर धूळ. मी डोकावले की ते विचारतात, "काय पाह्यजे?" मी म्हणते, "काही नाही." काय पाहिजे ते त्यांनाही ठाऊक आहे. पण ताकास तूर लागू देतील तर रशीदभाई कसले.

आम्ही पिंजारी. ह्यांचे वडील खांद्यावर धुनकी, कापूस पिंजायचं ते धनुष्य, टाकून थेट झरी जामणीच्या जंगलातल्या पोडापर्यंत, कोलामांच्या वस्तीपर्यंत, पायी जायचे. तिथेच एखाद्या झाडाखाली बसून लोकांचा कापूस पिंजून द्यायचे आणि दोन-दोन आठवडे घरी यायचे नाहीत. ह्यांनी मशीन घेतलं, पण हात वडिलांचाच. मूठभर रुई उचलून कानाशी नुसती दाबायचे आणि सांगायचे, यात ओल आहे, ही आज नको. लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं सर्कशीसारखं वाटायचं. नंतर मीही त्यात ओढले गेले, कारण आमच्यात रजई एकट्यानं होत नाही. कापूस पिंजायचा, खोळीत पसरायचा, काठीनं झोडपून सारखा करायचा ते त्यांनी. मग रजईच्या एका कडेला ते बसणार, समोरच्या कडेला मी, आणि दोन्हीकडून टाके घालत घालत मधे यायचं. आमच्या संसारातली अर्धी भांडणं रजईच्या दोन टोकांवरून झाली आहेत. मधे पोचेपर्यंत बहुतेक मिटायची.

गिऱ्हाइकं विचारतात, "रशीदभाई, पिंजणं काहून बंद केलं?" हे म्हणतात, "आता कोणाले पाह्यजे रजई? लोकायले हलकं पाह्यजे." त्या माणसानं समोर जुनी रजई बगलेत मारलेली असते, तरी हेच सांगतात. मला खरं कारण माहीत आहे, कारण मी तिथे होते. त्या तंबूत आम्ही दोघंच होतो म्हणा ना. बर्फात घडलं ते.

मला मेलीला त्या बर्फाबद्दल बोलायचं आहे. फार बोलायचं आहे. मोहल्ल्यातल्या बायकांशी बोलून झालं, शाळेतल्या मैत्रिणींशी झालं, पण ते बोलणं म्हणजे सहलीचे फोटो दाखवणं. जो तिथे होता त्याच्याशी बोलायचं आहे. आणि त्याच्यापुढे बर्फ हा शब्द काढला की तो उठून दुकानाचं शटर वर-खाली करायला लागतो. थंडी आली की मला तो डोंगर आठवतो, आणि त्यांना आठवतो तो दुसराच डोंगर. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर सकाळ आणि त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र एकाच तंबूत, एकमेकींना चिकटून पडली आहेत. एकीला हात लावावा तर दुसरी जागी होते. याचं काय करायचं ते कोणी सांगावं मला.

बर्फाचं खूळ माझ्या डोक्यात घुसलं ते लहानपणी. हिवाळा सरत आला होता, गहू ओंबीवर होता, आणि भर दुपारी गारा पडल्या. आम्ही पोरं अंगणात नुसती नाचलो. मी घरातला पितळी गंज उचलून आणला आणि त्यात गारा वेचायला लागले. एक तोंडात टाकली. दातांना कळ लागली, टाळू बधिर झाला. असा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. तेवढ्यात अम्मीनं फाडकन मुस्काटात दिली. "लोकाचं पीक गेलं अन् तू गारा खाऊन राह्यली?" शेजारचे नामदेवकाका कुंपणाशी उभे होते. त्यांचा गहू पार झोपला होता. ते मला काहीच बोलले नाहीत, उलट अम्मीला म्हणाले, "राहू द्या भाभी, लेकराले काय कळते." गार अजून माझ्या तोंडातच होती. ती थुंकावी की गिळावी हे मला कळेना. शेवटी ती आपोआप विरघळली.

तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं होतं, एकदा अशा जागी जायचं जिथे बर्फ पडला तर कोणाचं काही जात नाही. तिथे एक रात्र झोपायचं. नोकरी, पोरं, त्यांची लग्नं यात ते राहून गेलं. निवृत्तीला थोडे महिने उरले आणि आमच्या शाळेतले खेळाचे शिक्षक राठोड सर म्हणाले, "मॅडम, आमचा ग्रुप दर थंडीत उत्तराखंडात जाते. तंबूत राहाचं, बर्फात. यंदा चला." माझ्या पायाला तशीही भिंगरी. मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं.

घरी सांगितलं. हे काठीनं कापूस झोडपत होते. काठी थांबली नाही. "कोण कोण चाललं?" मी सांगितलं. "झोपाचं कायच्यात?" मी म्हटलं, तिथे झोपायच्या पिशव्या मिळतात, आत शिरायचं आणि चेन लावायची. तेव्हा काठी थांबली. "थैलीत? माणूस थैलीत झोपते? सरकी हाये का ते, पोत्यात भराले?" पुन्हा दोन काठ्या हाणल्या. "तू चालली त मी बी येतो. अन् रजई बी येईन."

निघण्याआधी शाळेच्या वर्गात सगळ्यांची बैठक झाली. राठोड सरांनी बजावून सांगितलं, "सुती कपडा कोणीच आणाचा नाही. बनियनसुद्धा नाही. सूत ओलं झालं की वाळत नाही." वर्गात सगळे यवतमाळ जिल्ह्याचे. कोणाच्या घरी कापूस पिकतो, कोणी जिनिंगमध्ये, कोणी सुताच्या दुकानात. मागून एक जण म्हणाला, "सर, मंग घालाचं काय?" आणि जो हशा पिकला! त्या हशातच आमचे हे उठून उभे राहिले. "सर, तुमच्या लग्नातली रजई कोणं भरली व्हती?"

"तुम्हीच, रशीदभाई."

"ऊब हाये का अजून?"

"हाये ना."

"मंग?"

राठोड सर बिचारे काय बोलणार? कापसाच्या मुलखात कापसाच्या विरोधात बोलायचं आणि तेही ज्यानं तुमची लग्नाची रजई भरली त्याच्यासमोर. ते म्हणाले, "आणा बाप्पा, खालच्या गावात कामी येईन." बाकीच्यांनीही मग मान डोलावली. मला वाटतं त्या दिवशी प्रत्येकानं गुपचूप एकेक बनियन सामानात घातली असेल.

ती रजई मी विसरू शकत नाही. पहिल्या वेचणीचा कापूस, त्यात एक काडी नाही, पानाचा चुरा नाही. दोनदा पिंजला. लाल सॅटिनची खोळ. मधोमध टाक्यांचं फूल काढायचं त्यांच्या मनात आलं, तर आम्ही दोघं दोन टोकांकडून आलो आणि शेवटच्या पाकळ्या मिळून घातल्या. गुंडाळली तर पोराएवढी झाली. नागपूरच्या स्टेशनवर हमालानं विचारलं, "अंदर कौन है?" हे छाती फुगवून म्हणाले, "यवतमाल है."

खालच्या गावात पोचलो तेव्हा सांगते, रजईनं बाजी मारली. लाकडाचं घर, कोरडी कडक थंडी, दात वाजायचे. आणि आम्ही दोघं रजईत आरामात. ग्रुपमधली पोरं रात्री येऊन पायापुरती रजई मागायची. आमचा वाटाड्या दीवान नावाचा पहाडी पोरगा, त्यानं सकाळी रजईवर हात फिरवला आणि म्हणाला, "अंकल, माल एक नंबर है. लेकिन इसको ऊपर मत ले जाओ." हे हसले. "बेटा, तूनं आपली रुई नाही पाह्यली अजून." दीवाननं राठोड सरांकडे पाहिलं. राठोड सरांनी आकाशाकडे. रजई खेचरावर चढली.

वर जाताना चढ असा की बोलणं बंद. ह्यांनी स्वेटरच्या आत रुई भरलेली बंडी घातली होती, तीही स्वतः भरलेली. कपाळावरून घाम ओघळत होता. "काढा ती," मी म्हटलं. "घाम येऊन राह्यला म्हणजे ऊब हाये," ते म्हणाले. बरोबरच होतं ते, आपल्याकडे. दुपार झाली आणि आभाळ खाली आलं. आधी काही तरी नाकावर टेकलं. मी वर पाहिलं तर सगळीकडून बर्फ येत होता, सरळ नाही, तिरका, वळत, रेंगाळत. मी तोंड उघडलं. जिभेवर पडला आणि काहीच नाही, गारेसारखी कळ नाही, चव नाही, नुसता एक थंड ठिपका. मला वाटलं आता मी रडते. मागे वळून म्हटलं, "अजी, पाहा ना!" ते मान खाली घालून चालत होते. म्हणाले, "चाल, थांबू नको. रजई ओली होऊन राह्यली."

सगळ्यांना वाटतं बर्फ कापसासारखा असतो. पोरं चित्रात कापूसच चिकटवतात. मी कापसात आयुष्य काढलं, मला कधी तसं वाटलं नाही, पण ते मी कोणाला बोलले नाही. आणि त्या दिवशी बर्फ आणि कापूस या दोघांत जे झालं ते तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बर्फ रजईवर पडला आणि रजई तो प्यायली. वर गुंडाळलेलं प्लास्टिक खेचरावरच्या चामडी पट्ट्यानं फाटलं होतं. तंबूत आणली तेव्हा एक कोपरा ओला होता. संध्याकाळ होईपर्यंत अर्धी. तंबूच्या आतून आमच्याच श्वासाचं पाणी टपकत होतं आणि ती तेही पीत होती. मी पिशवीत शिरले. हे म्हणाले, "तू शिर थैलीत. मले इथं बरं हाये." आणि ओली बंडी, ओली रजई, त्यावर आणखी ओली शाल असे ते पडून राहिले. मी भांडले. हात धरून ओढलं. म्हटलं, "हट्ट सोडा, जीव जाईन." तर म्हणतात, "या रजईत कोणाचा जीव नाही गेला आजवर."

कुडकुडत होते तोवर मला तितकी भीती नव्हती. मग कुडकुडणं थांबलं. बाहेर अजून उजेड होता, निळसर. ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, "खोळ कोणती लावू? लाल का हिरवी?" मी म्हटलं, "काय?" ते म्हणाले, "बाई उभी हाये दारात, खोळ सांग." आणि बंडीच्या गुंड्या काढायला लागले. म्हणाले, "गरम होऊन राह्यलं." त्यांची बोटं गुंडीवरून सुटत होती. मी पिशवीतून कशी बाहेर पडले ते माहीत नाही. तंबूच्या तोंडाशी जाऊन अशी किंचाळले की अख्ख्या डोंगरानं ऐकलं असेल. "सर! दीवान! अल्लाके वास्ते कोणी या!"

दीवान आला आणि त्यानं एक शब्द विचारला नाही. बंडी, बनियन, शर्ट, जे जे सुताचं होतं ते सगळं काढलं. राठोड सर कपडे काढून ह्यांच्याशेजारी पिशवीत शिरले, धिप्पाड माणूस, तो ह्यांना पोटाशी धरून पडला. गरम पाण्याच्या बाटल्या बगलेत. मी पाय चोळायला गेले तर दीवान ओरडला, "आंटी, रगड़ो मत!" मग मी हात कुठे ठेवायचे? मांडीवर ठेवून बसले आणि जेवढ्या दुआ येत होत्या तेवढ्या म्हटल्या, येत नव्हत्या त्याही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग ते थरथरायला लागले. दात वाजायला लागले. दीवान हसला. "काँप रहे हैं. अब ठीक है." कोणी माझ्या नवऱ्याला थंडी वाजते म्हणून हसलं आणि मला त्याचे पाय धरावेसे वाटले, असं एवढं एकदाच झालं.

मग दीवाननं ती रजई उचलली. एकट्यानं उचलली जात नव्हती. ओढत ओढत तंबूबाहेर नेली आणि टाकून दिली. ह्यांनी ते पाहिलं. शुद्ध आली होती. राठोड सरांच्या खांद्यावरून त्यांनी पाहिलं आणि तोंड कापडाच्या भिंतीकडे फिरवलं. बस, तेव्हापासून तोंड तसंच आहे.

आता ती सकाळ. ती कशी सांगू? ह्यांना झोप लागली होती, श्वास नीट चालला होता, राठोड सर घोरत होते. मी हळूच चेन उघडून बाहेर पडले. बर्फ थांबला होता. काहीही, काहीही ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर मशीनच्या भिंतीपलीकडे राहिलेली बाई मी, मला शांतता म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. पाऊल टाकलं तर आधी वरचा पापुद्रा मोडला, मग पाय आत, आत, गुडघ्यापर्यंत. समोरच्या कड्यावर ऊन यायचं होतं, नुसती गुलाबी चाहूल आली होती. तंबू कोणते, दगड कोणते कळत नव्हतं. मी दुसरं पाऊल टाकलं आणि भसकन कमरेपर्यंत गेले. पडलेच. आणि मला हसू फुटलं. सवयीनं आधी आजूबाजूला पाहिलं, कोणाचं पीक तर नाही ना झोपलं, कोणी कुंपणाशी तर उभं नाही. कोणी नव्हतं. मग हसले, पोटभर, वेड्यासारखी, बर्फात बसून. जवळच लाल सॅटिनचा एक कोपरा बर्फातून वर आला होता. तो दिसला आणि हसू गेलं.

उतरताना ह्यांना अंगाभोवती पिशवी गुंडाळून खेचरावर बसवलं, तोंडावर टोपी ओढलेली. त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. रजई दुसऱ्या खेचरावर. घरी आणली, कोरडी व्हायला किती दिवस लागले विचारू नका. कापसाचे दगड झाले होते. माळ्यावर टाकली. गावात लोक विचारायचे, "बर्फ कसा व्हता, रशीदभाई?" हे म्हणायचे, "बर्फ काय पाहाचा, कुल्फीच्या गाडीवर असतेच." लोक हसायचे. मग मशीनवर ताडपत्री आली. मी खूप मागे लागले तेव्हा एकदाच बोलले. "जी रजई मलेच वाचवू नाही शकली, ते लोकायले कोणत्या तोंडानं देऊ?" मी म्हटलं, अहो, पांढरकवड्यात कुठे बर्फ पडतो? ते ताडपत्रीची दोरी आवळत राहिले. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा प्रश्न थंडीचा नाहीच. त्यांच्या हातांनी त्यांना दगा दिला होता. बापाकडून आलेल्या हातांनी.

तर यंदा. गेल्या बाजाराच्या दिवशी झरीकडची भीमाबाई आली. कोलाम बाई, वय सत्तरीच्या पुढे, पाठ वाकलेली. ह्यांच्या वडिलांनी तिच्या पोडात बसून तिची रजई पहिल्यांदा भरली होती. नंतर दर दोन-तीन हिवाळ्यांनी ती बसनं रजई घेऊन येते, कापूस पिंजून घेते, तोच कापूस पुन्हा भरून नेते. रजईचं गठुडं तिनं काउंटरवर आपटलं.

"पिंजून दे भाऊ. लय दडस झाली, गोळेच गोळे."

"मशीन बंद हाये, मावशी. हे ब्लँकेट ने, हलकं हाये."

तिनं ब्लँकेटवरच्या वाघाला हात लावला, हात झटकला. "याच्यानं चटके बसते. मले नाही पाह्यजे."

"आता नाही करत मी हे काम."

"तू नाही करत, त थंडी बी नाही करत का?" तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुया बाप पायी येत जाय. नदी उतरून येत जाय. तू दुकानात बसून नाही म्हणून राह्यला?" आणि गठुडं तिथेच ठेवून चालायला लागली. "पुढच्या बाजाराले येतो. इतके दिवस पोराच्या घोंगड्यात झोपतो."

हे मागून ओरडले, "मावशी, गठुडं ने!" तिनं मागे पाहिलं नाही. मी आतून ऐकत होते. मला असं वाटलं, धावत जाऊन त्या बाईचा मुका घ्यावा.

गठुडं तसंच पडून राहिलं. एक दिवस, दोन दिवस. ते त्याला वळसा घालून जात. मी त्यांना वळसा घालून जात होते. बाजार जवळ आला तसा माझा जीव टांगणीला लागला. म्हातारी थंडीत येणार, रिकाम्या हातानं जाणार. काल सकाळी मी गठुडं उचललं, गच्चीवर नेलं, टाके उसवले आणि कापूस उन्हात पसरला. मुद्दाम वाऱ्याच्या बाजूला पसरला, हे कबूल करते आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. दहा मिनिटांत जिन्यावर चपला वाजल्या.

"काय करून राह्यली तू?"

"दिसत नाही?"

"वारा सुटून राह्यला! कापूस पसरते का कोणी असा? उडून जाईन सारा. हट, हट तिथून!" धोतर खोचल्यासारखी लुंगी खोचली आणि गुडघ्यावर बसून कापूस गोळा करायला लागले. गोळा करता करता हात थांबला. मूठभर उचलला, कानाशी नेला, दाबला. "याच्यात अब्बाच्या वेळचा बी कापूस हाये," ते म्हणाले. "पाह्य, किती बारीक झाला." आणि सगळा कवेत घेऊन खाली गेले. मी वरच राहिले. थोड्या वेळानं पायाखालची गच्ची थरथरायला लागली. खाली मांडणीत कपबशा किणकिणल्या असतील. मी टाकीला टेकून नाक पुसत उभी राहिले.

आज दुपारी गच्चीवर उन्हात रजई पसरली. भीमाबाईनं गठुड्यातच हिरवी खोळ दिली आहे, पिवळी फुलं असलेली. ते त्या टोकाला, मी या टोकाला. सुया ओवल्या, दोरा मेणावरून ओढला आणि सुरू केलं. मग ते म्हणाले, "टाका लांब पडून राह्यला तुया." मी म्हटलं, "तुमचाच वाकडा हाये." बरं वाटलं. तीन हिवाळ्यांनी भांडलो आम्ही.

चार बोटं पुढे सरकलो असू. मान वर न करता ते म्हणाले, "तो बर्फ. कापसावानी व्हता का?"

माझी सुई खोळीतच राहिली. हो म्हणावं, त्यांना बरं वाटेल, असं क्षणभर मनात आलं. मग म्हटलं, "नाही. अजिबात नाही."

त्यांनी टाका ओढला, गाठ दिली, दातानं दोरा तोडला. "मंग एवढी कायले हासत व्हती?"

"कधी?"

"त्या सकायी. तू चेन उघडून गेलती. मी जागाच व्हतो. बाहेरून हासण्याचा आवाज येत व्हता, तुया एकटीचा. घसा कोरडा पडला व्हता, पाणी पाह्यजे व्हतं. आवाज देणार व्हतो तुले." सुईत दोरा जाईना, त्यांनी डोळे बारीक केले. "मंग म्हतलं, हासू दे तिले."

रजई तशीच टाकून मी उठले, खाली गेले आणि माठातलं पाणी तांब्याभर घेऊन आले. ते म्हणाले, "मले कुठं तहान लागली आता?" मी म्हटलं, "प्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या तोंडाला लावला, सगळा प्यायले. मग मी माझ्या टोकाला जाऊन बसले आणि बर्फातल्या पहिल्या पावलापासून सांगायला लागले.